तिसऱ्या फ्रेटवरचा चिमटा

मला गिटार येते असं मी सहा वर्षं समजत होते. कॉलेजात असताना मोबाइलवर बघून बघून शिकले. जी, सी, डी आणि ई मायनर, एवढे चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गुच्छ. ह्या चार कॉर्डांवर मी मोर्चांत चालले, धरण्यांना बसले, चौकसभा उरकल्या. गाणं गळ्याला खाली पडलं की दांडीला कॅपो लावायचा. कॅपो म्हणजे चिमटा. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट. हव्या त्या फ्रेटवर चिमटा बसवला की सगळ्या तारा एकदम चढतात आणि बोटं होती तशीच ठेवून वाजवता येतं. आळशी माणसासाठी ह्याहून सोयीची वस्तू नाही. आमच्या गटात गिटार माझ्याकडे होती म्हणून गाणी माझ्याकडे आली, आणि मला लिहिता यायचं म्हणून पत्रकंही माझ्याकडे आली. दोन्ही कामं मी एकाच पद्धतीनं करायचे. जोरात.

आम्ही सगळे ज्यांना मावशी म्हणतो त्या आमच्या गटात आल्या एका बंद झालेल्या वाटेमुळे. मीरा रोडजवळ, चेण्याच्या बाजूला त्यांचं जुनं आगरी गाव. गावातून खाडीकडे जाणारी पायवाट एका बिल्डरनं लोखंडी गेट लावून बंद केली. बायका सुकी मासळी घेऊन, पोरं घेऊन, देवीचा नारळ घेऊन ज्या वाटेनं जात होत्या तिथे आता वॉचमन 'कौन सा विंग?' म्हणून विचारतो. मावशी गावच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई ती धवलारीण. तिचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. त्यांनी धवल्याच्या चालीवर वाटेचं गाणं स्वतःच बांधलं होतं.

वाट कोनी रं बांदली, वाट पायांनी बांदली
आयेच्या पायांनी, आजीच्या पायांनी

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच मी चिमटा हातात घेऊन कॉर्ड शोधायला लागले. तिसऱ्या फ्रेटवर जमलं. पुढे वर्षभर प्रत्येक सभेत चिमटा तिसऱ्या फ्रेटवर. त्या मुकाट्यानं माझ्या सुरात येऊन गायच्या. कधी जरा वर, कधी जरा खाली सुरुवात करायला गेल्या की मी म्हणायचे, "मावशी, थांबा, मी देते सूर." आणि मी द्यायचे. मला वाटायचं मी मदत करतेय.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. दोन महिने बोलणं बंद. मग आवाज आला, पण खाली उतरून आला. जाड, मध्येच हवा निघाल्यासारखा. आम्ही केबिन रोडला संध्याकाळची सभा ठेवली तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, "गाल ना?" त्या म्हणाल्या, "बगू." मी तो होकार धरला.

बाजाराची गर्दी. प्लास्टिकच्या स्टुलावर मावशी उभ्या, बाजूला मी. चिमटा तिसऱ्या फ्रेटवर. मी सुरुवात वाजवली, त्यांनी पहिली ओळ उचलली, आणि 'पायांनी'वर आवाज फाटला. त्यांनी परत उचलला. परत फाटला. मोबाइल कव्हरच्या गाडीवरचा एक जण ओरडला, "आंटी का नेटवर्क गया!" हशा झाला. दहा-बारा माणसं असतील. मी काय करावं? मी आणखी जोरात वाजवलं. मावशी दुसऱ्या ओळीत थांबल्या, पदर खांद्यावर घेतला, स्टुलावरून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, मी चालले घरा."

मी संतापले. संताप मला लवकर येतो आणि आला की तो लिहून काढायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रक तयार. 'कष्टकरी बाईच्या आवाजावर हसणाऱ्यांनो, तुमच्या घरात आई नाही का?' असा मथळा. खाली सगळा प्रसंग: त्यांचं गाव, वय, ऑपरेशन, फाटलेला आवाज, नेटवर्कवाला शेरा. केबिन रोडला वाटलं, मीरा रोड स्टेशनबाहेर वाटलं, आणि एक गठ्ठा खास त्यांच्या गावात नेऊन दिला. मला वाटलं, गाव पेटून उठेल.

पुढच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. फोन उचलेनात. मी घरी गेले. दारात सून होती. आत या म्हणाली नाही.

"आई न्हाय बोलनार."

"बरं नाहीये का त्यांना?"

"तुमी छापलाव ना ते?"

मी हो म्हणाले. तेव्हाही माझ्या 'हो'मध्ये थोडा अभिमान होता, हे लिहायला लाज वाटते.

"तिकडं बाजारात दहा मानसं हसली. आमच्या गावात कोनाला म्हाईत नव्हतं. आता दारावर येऊन विचारतान, आवाज गेला काय गो तिचा? दोन लग्नं होती माघात. दोगांनी पन दुसरीला सांगितलं." तिनं दार अर्धं लोटलं. "ताई, हसनारे घरी गेले. तुमचा कागद ऱ्हायला."

आत मावशी होत्या. भांड्याचा आवाज येत होता. मी परत फिरले.

चीड होतीच, पण आता ती कुणावर काढायची ते कळेना. मला एवढंच दिसत होतं की त्या परत गायल्या नाहीत तर ते माझ्यामुळे असेल. म्हणून मी मीरा रोडच्या एका गिटारवाल्या सरांकडे गेले. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेला, आता घरच्या हॉलमध्ये शिकवण्या घेणारा माणूस. मी त्यांना विचारलं, "उतरलेल्या आवाजासाठी कॅपो कुठे लावू?" त्यांनी सभेचा व्हिडिओ मागितला. दोनदा बघितला.

"बाई बेसूर नाहीये," ते म्हणाले. "तू बेसूर आहेस."

"मी तर बरोबर कॉर्ड..."

"बरोबर. फक्त बाई तिथे नव्हती. बाई इथे खाली उभी आहे, आणि तू तिला केस धरून वर खेचतेस. चिमटा वर नेतो. खाली नेणारा चिमटा बाजारात मिळत नाही, मॅडम."

"मग चिमटा काढून जी वाजवू?"

"आज जी. उद्या ती एक फ्रेट खाली, एफ शार्पवरून सुरू करेल, परवा आणखी खाली, ईवरून. प्रत्येक वेळी थांबवून विचारणार तिला, आंटी, पट्टी कोणती? तिला नाव माहीत असायची गरज नाही. ती गाते. माहीत तुला पाहिजे." त्यांनी माझा डावा हात उचलून बघितला. "करंगळी तर झोपलीय. मोर्चात तिला घेत नाहीस वाटतं?"

तिथून स्केल सुरू झालं. एक सूर, मग पुढचा, मग पुढचा, आठव्यावर पोचायचं आणि परत यायचं. एका फ्रेटला एक बोट. मोबाइलवर मेट्रोनोम लावायचा, सेकंदाला एक टोला, आणि प्रत्येक सूर वाजवताना त्याचं नाव मोठ्यानं म्हणायचं. जी, ए, बी, सी. तेच स्केल दांडीवर पाच वेगवेगळ्या जागी. मग प्रत्येक तारेवर एकटं, खालून वर, वरून खाली. सहा वर्षं ज्या दांडीवर मी हात फिरवला तिच्यावरच्या निम्म्याहून जास्त जागांची नावं मला ठाऊक नव्हती. मी फक्त सुरुवातीच्या तीन फ्रेटवर राहत होते आणि चिमटा उचलून उचलून इकडेतिकडे ठेवत होते.

करंगळी खरंच उठत नव्हती. उठली तर शेजारच्या बोटाला घेऊन उठायची. बोटांच्या टोकांना पहिल्यांदा फोड आले, मग कातडं सुटलं, मग घट्टे पडले. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, तेवढंच काय परत परत? पुढचं येत नाही का?" भिंतीपलीकडच्या गुजराती काकू लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "बेटा, गाना कब आएगा? चार महिना हो गया, सीढ़ी ही चढ़ रही है."

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो ह्याचा की हे काम कुणाविरुद्ध नव्हतं. गावाची वाट बंद आहे, आणि मी खोलीत बसून एफ शार्प, एफ शार्प म्हणतेय. कितीदा वाटलं, हा पळपुटेपणा आहे, बाहेर जा, काहीतरी छाप. छापणं सोपं होतं. पत्रकात चूक झाली तर पुढच्या पत्रकात मी आवाज चढवते आणि ती झाकली जाते. स्केलमध्ये चुकलेला सूर काल जिथे चुकला तिथेच आज सापडतो, आणि वेग वाढवला की आणखी उघडा पडतो. सर म्हणायचे, "हळू. अजून हळू. तुला पोचायची घाई आहे, बघायची नाही." हे वाक्य मला लागलं. मी त्यांच्याशी भांडले, एक आठवडा गेले नाही. मग गेले.

शेवटी शेवटी ते नुसते गुणगुणायचे आणि मला तो सूर सहाव्या तारेवर शोधायला लावायचे, तिथूनच स्केल उचलायला लावायचे. मी घरी येऊन कुकरची शिट्टी शोधायचे, लिफ्टची घंटा शोधायचे, पार्किंगमधल्या गाडीचा मागे येतानाचा हॉर्न शोधायचे. आधी एक मिनिट लागायचं. मग चार-पाच टोल्यांत बोट जागेवर पडायला लागलं.

मग मी मावशींकडे गेले. पिशवीत एकही कागद नव्हता.

त्या ओट्यावर जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत बसल्या होत्या. वर बघितलं नाही.

"मावशी, मी चुकले. छापायच्या आधी तुम्हाला विचारलं नाही. आणि त्या दिवशी बाजारात तुमचं काही चुकलं नव्हतं, मी चुकीच्या जागी वाजवत होते."

"मंग आता काय?" त्या म्हणाल्या. "खुलासा छापतेस?"

"नाही."

"मंग कनाला आलीस?"

"तुम्ही गा. कुठूनही. मी येते तिथे."

"त्यो गला न्हाय आता माजा."

"आहे त्या गळ्यानं."

त्या निवडत राहिल्या. जवळ्यातले खडे बाजूला पडत होते. मी गिटार मांडीवर घेऊन बसले, तारांवर हात आडवा ठेवून, आवाज होऊ नये म्हणून. निवडता निवडता त्या ओठांत पुटपुटायला लागल्या. वाट कोनी रं बांदली. मी ऐकलं. सहाव्या तारेवर दुसरा फ्रेट. एफ शार्प. कॉर्ड वाजवला नाही, एकेक सूर लावत त्यांच्या मागून गेले. दुसऱ्या ओळीला त्या किंचित खाली घसरल्या, एका फ्रेटएवढ्या. मीही घसरले.

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

"खाली आलीस?"

"तुम्ही आलात."

"हं."

गाणं पूर्ण झालं. सून हातात पळी घेऊन दारात उभी होती, ती आत गेली. मावशींनी सूप आपटलं आणि म्हणाल्या, "लग्नाला न्हाय मी जानार आता. बोलवला तरी न्हाय. लग्नाला गला वर लागतो." मी काही म्हणायला तोंड उघडलं. "गप. तुज्यामुलं न्हाय. गला गेला तो गेला. तू नुस्ती दवंडी दिलीस." मग थोड्या वेळानं, "पन वाटेचा गाना माजा हाय. त्यो मी गानार."

रविवारी सकाळी गेटसमोर पंचवीस-तीस माणसं जमली. मावशींनी माइक नको म्हणून सांगितलं होतं. वॉचमन खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. त्यांनी मला न विचारता सुरुवात केली आणि मी दोन शब्दांनंतर त्यांना गाठलं. तिसऱ्या ओळीत आवाज फाटला. अगदी बाजारात फाटला तसा. माझा हात जोर करायला निघाला होता, तो मी आवरला. त्या थांबल्या नाहीत, आणखी खाली उतरल्या, मी शोधत शोधत त्यांच्या मागे उतरले, एक सूर साफ चुकला, पुढचा सापडला. तेवढ्यात मागून सुनेनं ओळ धरली, त्याच खालच्या सुरात, आणि तिच्या बाजूच्या बायकांनी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाणं संपलं तेव्हा गेट बंदच होतं आणि वॉचमन जमिनीकडे बघत होता.

त्या दिवसाचं पत्रक लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं. "वाटेचा लिव," त्या म्हणाल्या. "माजा नको." अर्ध्या पानात झालं. हे जे आता लिहितेय तेही विचारून, गावातल्या कुणाचं नाव न घालता.

गेटजवळच्या दगडावर बसून त्या पाणी प्यायल्या. सुनेला म्हणाल्या, उद्यापासून रोज बसायचं, तुला सगला शिकवते. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरी, तिसऱ्या ओलीला चुकलीस."

"हो मावशी."

"बग जरा ते."

घरी येऊन मी मेट्रोनोम लावला आणि ती ओळ एफ शार्पवरून, एफवरून, ईवरून सावकाश वाजवत बसले.