सोमवारचा पट्टा

आमची पिठाची गिरणी जयगडच्या वाटेवर आहे. वीस वर्षं तिच्या घरघरीवर मात करत बोलल्यामुळे माझा आवाज असा झालाय, की बायकोच्या कानात काही सांगितलं तर खाडीतली जहाजं भोंगा वाजवून उत्तर देतात.

फक्त सोमवारी मी माणसात यायचो. तारांच्या दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जायची, गिरणी बंद. वायरमनला सकाळभर शिव्या घालून झाल्या, की दुपारपर्यंत कानातली घरघर उतरायची. मग आम्ही दोघं मागल्या पडवीत बसून हळू आवाजात बोलायचो. कशावर? लेकीचा फोन, शेजाऱ्यांचा फणस, असंच काहीतरी.

गेल्या वर्षी नव्या तारा आल्या आणि सोमवारची लाईट जाईनाशी झाली. गिऱ्हाईकं सोमवारीही डबे घेऊन हजर! मी चहा मागितला की चार घरांतून चहा येऊ लागला. बायकोने मात्र बोलणंच सोडलं. लांबच्या होडीला खुणावावं तसे हातवारे करायची.

शेवटी वायरमनला रस्त्यात गाठलं. "बाबा रे, सोमवारची लाईट घालव!"

"काका, लाईट जायची तेव्हा माझ्या सात पिढ्या उद्धरल्यात. आता जात नाही म्हणून ओरडताय?"

"ओरडत नाही, विनंती करतोय!" माडावरचे कावळे उडाले.

मग मीच पाटी लावली : सोमवारी गिरणी बंद. पहिल्याच सोमवारी शेजारची चाची तांदूळ घेऊन आली.

"पाटी वाचली रे भाऊ. पण लाईट आहे ना? एवढा डबा दळून दे."

मला नाही म्हणता येत नाही. बटण दाबलं. मोटार फिरली, जातं ढिम्म. बघतो तर मधला पट्टाच गायब!

दारात बायको. कित्येक महिन्यांनी तोंडाने बोलली, "पट्टा मी ठेवलाय. उद्या मिळेल."

"कुठे ठेवलायस?"

"तुम्हाला सांगितलं तर गुहागरपर्यंत कळेल."

चाचीने डबा उचलला. "बरं केलंस गो. याच्या आवाजाने आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या होत्या."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पट्टा नाहीसा होतो आणि सोमवारी आम्ही पडवीत बसतो. पट्टा तांदळाच्या पिंपात असतो. मला दुसऱ्याच आठवड्यात सापडला. पण हे मी बायकोला सांगितलेलं नाही. एवढी एक गोष्ट मी हळू आवाजातही बोलणार नाही.