माडापर्यंतचं पाणी

काकी गेल्याचं मला शाळेत कळलं. सहावीचा वर्ग घेत होते. शिपाईमामांनी दारातून खूण केली, म्हणून ऑफिसात गेले. फोनवर शेजारच्या शालनवहिनी होत्या. मी शाळेत असले की त्याच काकीजवळ बसायच्या. "गेली गो तुझी काकी... आत्ताच," एवढंच त्या म्हणाल्या. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून निघालं, "विहिरीवरची मोटार बंद आहे ना?" ऑफिसातल्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शालनवहिनींना मात्र ते विचित्र वाटलं नसावं. "बंद आसा," त्या म्हणाल्या. "जाताना तिनापण ताच विचारल्यान."

बाराव्याला माणसं येऊन गेली आणि बरंच काही चांगलं बोलून गेली. काकी प्रेमळ होती, काकीने कुणाला कधी दुखवलं नाही... मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मला एकाही शब्दाची खात्री वाटत नव्हती. माझ्या ओळखीची काकी संशयी होती. दूधवाल्यावर, मीटर बघायला येणाऱ्या माणसावर, शालनवहिनींच्या कोंबड्यांवर तिचा संशय असायचा. आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. मीही काही कमी नव्हते. तिचा एकूण एक शब्द मी उलटून पाहायचे. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. देवगडजवळ जामसंड्याच्या उतारावर, खाडीपासून थोडं वर, कौलारू घर, मागे विहीर आणि न्हाणी, एवढ्यात ती एकटी राहायची. मी ठाण्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. देवगडच्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला तिच्याकडे ठेवलं. पहिल्याच दिवशी तिने मला न्हाणी दाखवली. चुलीवर तांब्याचं भाण, त्यात तापलेलं पाणी, एक पितळी तांब्या आणि पत्र्याचं दार. "शावर नाय हयसर," ती म्हणाली. मी शॉवरबद्दल काही विचारलंच नव्हतं. हिने हे आधीच ठरवून ठेवलंय, असं मला तेव्हाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले तर ती परसात उभी. "इतक्या पाण्यात म्हस धुवन झाली असती गो! इंग्लिश शाळेत आंघोळ शिकवणत नाय?" मला कुणी आंघोळीबद्दल बोललेलंच आवडत नाही, मग किती पाणी घेतलं हे दुसऱ्या माणसाला कळणं तर दूरच. पण हिला कळलं कसं? ऐकत उभी असणार, असं मी धरलं. तिसऱ्या दिवशी मी तांब्या अंगाला टेकवून पाणी हळूच सोडलं, आवाजच होऊ दिला नाही. तरीही बाहेर आल्यावर तेच. म्हणजे बघते! मी दार तपासलं. पत्र्याला कडीजवळ गंजून एक भोक पडलं होतं. मी त्यात साबणाचा तुकडा दाबून बसवला. संध्याकाळी काकीने तो नखाने उकरून काढला आणि माझ्यासमोर धरला. "भोक बुजवलंस? मगे धूर खंयसून जातलो? गुदमरून मरशीत." मग माझा चेहरा बघून ती हसायला लागली, अगदी पदर तोंडाला लावून. "अगो, माका काय तुझ्या आंगाचा पडला नाय. मी पाट बघतंय."

न्हाणीच्या मागून मोरीचं पाणी बाहेर येतं. तिथून मातीचा एक छोटा पाट निघतो, अळवाच्या वाफ्याच्या कडेने जातो आणि कुंपणाजवळच्या माडाच्या बुंध्याशी पोहोचतो. काकी कान लावत नव्हती, डोळाही लावत नव्हती. ती फक्त पाण्याचं तोंड कुठवर गेलंय ते बघायची. "माडापर्यंत पाणी तुझा," ती म्हणाली. "माडाच्या फुडे गेला, काय ता बावीचा." बाव म्हणजे विहीर. आमची विहीर खाडीच्या जवळ. मार्चनंतर तिच्यातून जास्त उपसा झाला की खालून खारं पाणी चढतं, आणि एकदा चढलं की पाऊस पडेपर्यंत उतरत नाही. उतारावरच्या दोन विहिरी अशाच गेल्या होत्या. म्हणून काकी रोज सकाळी पहिल्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायची आणि खाडीकडे असं बघायची की जणू ती कुंपण ओलांडून आत येणार आहे. पाटाचा हा खुलासा मला पटला. पण पुढचे काही दिवस मी दाराच्या फटीतून तिची सावली कुठे पडते ते बघतच होते.

पुढे माझं पाणी माडापर्यंत बसू लागलं. साबण लावताना तांब्या खाली ठेवायचा, केस धुवायचे ते ठरलेल्या वारी, आणि शेवटचा तांब्या डोक्यावरून न घेता खांद्यांवरून. तरी कधी ओंजळभर पाणी माडापुढे जायचंच आणि काकी पायाच्या अंगठ्याने तिथे मातीत रेघ मारून ठेवायची. तिची स्वतःची आंघोळ मात्र मी कधी पाहिली नाही, ऐकलीही नाही. मी उठायच्या आत ती ओल्या केसांनी चुलीपुढे बसलेली असायची.

गेल्या चैत्रात एका सकाळी तिने ओंजळीतलं पाणी थुंकून टाकलं. "मचूळ लागता. तू घेवन बघ." मी चाखलं. लागत होतं... किंचित. "खरा सांग, मोटार कोणी लावली?" मी लावली नव्हती. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं. त्यानंतर ती मोटारीच्या बटणाला चिंधी बांधून ठेवू लागली. गाठ कशी बांधली ते लक्षात ठेवायची. त्याच आठवड्यात शाळा लवकर सुटली. दुपारी घरी आले तर पाट ओला, तोही माडाच्या कितीतरी पुढे, कुंपणापर्यंत. घरात काकीशिवाय कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पाटात, माडापुढे, फणसाचं एक सुकं पान ठेवलं. संध्याकाळी ते पान कुंपणाला चिकटलेलं होतं. सगळ्यांचं पाणी बघणारी ही बाई दुपारी एकटीच विहीर उपसते... मला जवळजवळ आनंद झाला.

शनिवारी दुपारी घरी आले तेव्हा न्हाणीचं दार आतून लावलेलं होतं आणि पाटातून पाणी धो धो येत होतं. मी दाराशी उभी राहिले आणि तिचंच वाक्य तिला ऐकवलं. "काकी, माडाच्या फुडे गेला." आतला आवाज थांबला. मग कडी निघाली. काकी दगडावर बसली होती, अंगावर ओला परकर, समोर बादलीत चुबकलेलं लुगडं आणि अंथरुणाची चादर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "लुगडा खराब झाला गो," ती म्हणाली. "आधी रातीचा व्हायचा, आता दिवसाचापण व्हता. माका कळाकच नाय..." मग अगदी हळू, "शालनाक सांगू नको."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. मग आत जाऊन बादली उचलली. एवढंच. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते तिला आवडलंही नसतं.

दिवाळीनंतर ती स्वतः आंघोळ करू शकेना. मग रोज सकाळी, माझ्या आंघोळीआधी, मी तिला घालू लागले. आम्हा दोघींनाही ते अवघड गेलं. ती डोळे मिटून घ्यायची, मी भिंतीकडे बघत पाणी ओतायचे, आणि न बोलता आम्ही ते निभावून नेलं. मी तिला भरपूर ऊन पाणी घालायचे, पाठीवरून, गुडघ्यांवरून. तिला ते बरं वाटायचं हे तिच्या खांद्यांवरून कळायचं. पण अंग पुसून झालं की पहिला प्रश्न, "बघ गो, खंयपर्यंत गेला?" मी बाहेर जाऊन बघून यायचे. "माडापर्यंत." "खोटा नको सांगू. भाण किती रिकामा झाला ता तांब्याच्या आवाजान कळता माका." मी म्हणायचे, "मग मला कशाला विचारतेस?" त्यावर एकदा ती म्हणाली होती, "तू किती खोटा बोलतंस ता बघूक."

तिला नेण्याआधी बायकांनी तिला न्हाणीतच शेवटची आंघोळ घातली. कळशीमागून कळशी. कुणी काही मोजलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. मी बाहेर परसात उभी होते. पाणी अळवाच्या वाफ्यात शिरलं, माडाला वळसा घालून पुढे गेलं, कुंपणाखालून वाटेवर गेलं. मी ते बघत राहिले, आणि आता आतून हाक येईल म्हणून वाट पाहिली.

पाहुणे गेले तशी विहीर माझ्या एकटीची झाली. आता चाखायचं कामही माझ्याकडे आहे. पाणी अजून गोड आहे. पण मागच्या आठवड्यापासून मला एक गोष्ट खटकत होती. आंघोळ करून बाहेर येते, पाट बघते, तर पाणी माडापर्यंत पोहोचतच नाही. अळवाच्या कडेलाच जिरतं. पाणी तेवढंच घेते, तोच तांब्या, तेच भाण. कुठेतरी खेकड्याने बीळ केलं असणार म्हणून मी काठी घालून सगळा पाट चाचपला. बीळ नाही. शालनवहिनींच्या कोंबड्यांनी माती उकरली असेल म्हणून तेही बघितलं. काही नाही. मग एका सकाळी कोरड्या, तडकलेल्या पाटाकडे बघत उभी असताना लक्षात आलं. मी उठायच्या आत काकीची आंघोळ झालेली असायची. माती तिच्या पाण्याने आधीच भिजलेली असायची, आणि तिच्या ओलीवरून माझं पाणी घसरत माडापर्यंत जायचं, कधी पुढेही. ती अंगठ्याने रेघ मारायची त्यातलं निम्मं अंतर तिचंच होतं, आणि बोलणी मी खाल्ली. हे तिला माहीत नसेल? पाण्याचं तोंड बघून माणूस ओळखणाऱ्या बाईला? माझा संशय आहे की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता मी रोज आंघोळीच्या आधी एक तांब्या पाणी नुसतं मोरीत सोडते, पाट भिजायला. मग कडी लावते.