रिकाम्या जागी घरचा नंबर

पाणीपुरवठा कार्यालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्याला तिथे सगळे साचेवाला म्हणत. एकच गोष्ट दोनदा लिहायची म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. पानाचा जो तुकडा पुन्हा पुन्हा लागतो तो एकदाच लिहायचा आणि त्याला नाव द्यायचं, की झाला मॅक्रो. मग कुठल्याही पानावर नुसतं ते नाव टाकलं की अख्खा मजकूर तिथे उलगडतो. ‘संपर्क’ नावाचा त्याचा मॅक्रो बेचाळीस पानांवर होता. फोन नंबराची जागा तेवढी ज्या त्या विभागाने भरायची. कोणी नाहीच भरली, तर मॅक्रोत मुळात लिहिलेला नंबर दिसणार.

चाचणीच्या वेळी तिथे काहीतरी टाकायला हवं होतं. बोटांनी आपसूक घरचा नंबर टाकला, आईचा, लहानपणापासून पाठ असलेला. नंतर बदलू, म्हणाला. त्याचं ‘नंतर’ कधी उजाडत नसे.

सात महिन्यांनी एक वयस्क गृहस्थ खिडकीशी आले, तेही तक्रार नव्हे, कौतुक करायला. फोनवरच्या तुमच्या बाई फार मायाळू, म्हणाले. गल्ली, मजला, घरात आजारी कोणी आहे का, सगळं वहीत टिपून घेतात आणि सांगतात, माझा मुलगा तिथेच आहे, त्याचा फोन आला की त्याच्या कानावर घालते. आपल्या कार्यालयात मायाळू म्हणावं असं कोणीच कारकुनाला आठवेना. त्याने नंबर विचारला. गृहस्थांनी चिठ्ठीवरून वाचून दाखवला आणि मागे बसलेल्या साचेवाल्याने तो अर्ध्यातच ओळखला.

त्याने मॅक्रो उघडला. नऊ पानांवर नंबर कोणी भरलाच नव्हता. त्याने एक ओळ बदलली आणि नऊच्या नऊ पानं सुधारली. कोणाला पत्ताही लागला नाही. सुटलो असं वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. मागे एकदा आईने फोन केला होता. “अरे, ते पाण्याचे फोन” एवढंच ती म्हणाली होती आणि त्याने मध्येच तोडलं होतं, कामात आहे, नंतर करतो म्हणून. झोपेतही टाइप करता येईल असा तो नंबर त्याने महिनोन्‌महिने फिरवला नव्हता.

त्याने जागेवरूनच फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

“पाणीपुरवठा, बोला.”

“आई, मी आहे.”

ती म्हणाली, “पहिला महिनाभर घंटा वाजली की वाटायचं, तूच असशील. मग सोडून दिलं.”

आवाजात रागाचा लवलेश नव्हता आणि तेच त्याला सहन होईना. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, तर तिने अडवलं.

“ते राहू दे. पेन आहे का जवळ? टाकीजवळच्या बाईंकडे चार दिवस पाणी नाही, घरात बाळंतीण आहे. लिहून घे.”

तो लिहू लागला. तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता. मध्येच तिने बजावलं, लवकर आटप, लोकांचे फोन यायचे असतील, लाइन अडकून राहते.

आता कोणाचाच फोन येणार नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. तो नुसतं “हो” म्हणाला आणि त्याने पुढची गल्ली विचारली.