इनासच्या मिठातलं शिसं

इनास लोपीसचा सातिवलीत छोटा गाळा होता. खाडीकाठच्या मिठागरातलं मीठ दळून तो नाक धुवायची पूड विकायचा. पाकिटावर ठसठशीत छापलेलं असायचं, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. २००३ साली एका व्यापाऱ्याने पूड तपासून घेतली, तर तिच्यात शिसं निघालं.

“शिसंपन नैसर्गिकच ना!” इनास बायकोवर खेकसला.

“मग तुज्या नाकात घाल,” रोझलीन म्हणाली. “लोकांच्या पोरांच्या नाकात कशाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून तो दुकानोदुकानी फिरला, शिशाचं सांगून सगळी पाकिटं परत घेतली.

“इनासभाऊ, आता काय विकणार?” एका दुकानदाराने हसत विचारलं.

“पाव. आनि पयला मीच खानार.”

त्याच गाळ्यात काढलेल्या बेकरीतला पहिला पाव त्याने खरंच सगळ्यांसमोर खाल्ला. चांगलाच करपला होता.