झाकणाच्या आतली खूण

माझे सासरे जुन्या मनगटी घड्याळांचं वय सांगतात. खिशातल्या घड्याळाला पट्टा ओवायला तारेच्या कड्या डाग देऊन जोडलेल्या दिसल्या, की ते अगदी सुरुवातीचं मनगटी घड्याळ, हे ते लांबूनच ओळखतात. पॉलिश करणाऱ्यांवर त्यांचा इतका राग, की घरात मी भांडीसुद्धा बिचकत घासते.

काल एका बाईंनी आजोबांचं चांदीचं घड्याळ आणलं. बाहेरच्या डबीवरची नक्षी घासून पार सपाट झाली होती.

"कुठल्या गाढवाने चकचकीत केलं हे?" म्हणत मामंजींनी मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती-पॉलिश करणारा तिथे सुईने आपलं नाव आणि साल कोरून ठेवतो. त्यांनी भिंगातून पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"गाढवाचं नाव," म्हणत त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. नाव मामंजींचंच होतं, साल त्यांच्या शिकाऊ उमेदवारीचं.