मंठाळच्या दगडखाणीतले नमुने

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मंठाळजवळच्या दगडखाणीत मी स्वतः ड्रिल चालवलं. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा त्यात कोंडली जाते. ती मोजायची तर खडकातून बोटाएवढा दांडा कापायचा आणि मोडून काढण्याआधी त्यावर बाण आखायचा. बाकीचे लोक बाण खडकाच्या आत रोखतात, मी बाहेर, माझ्याकडे रोखत असे. माझे मार्गदर्शक असलेल्या सरांनी ते कधी विचारलं नाही. उन्हामुळे ते जीपमध्येच बसून असत.

"पीएच.डी. माझ्याकडंच कर," असं ते वर्गासमोर म्हणाले होते. निकाल लागला आणि ती जागा त्यांच्या भाच्याला गेली. मी विचारायला गेले.

"तू उद्या लग्न करून जाशील," सर म्हणाले. "शाळेत शिकव. नमुने मात्र इथंच राहू दे."

भाच्यानं माझ्यादेखत पेट्या आत नेल्या.

घरी अप्पा मेंढरांना पाणी पाजत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "कामून रडायलीस? डोंगर काय त्याच्या बापाचा हाय व्हय?"

त्या रात्रीपासून माझं रडणं थांबलं आणि राग सुरू झाला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तळ्यांच्या गाळातलं चुंबकत्व मोजायची फेलोशिप मिळाली. काही वर्षांनी हैदराबादला व्हायच्या परिषदेची पुस्तिका आधीच हातात आली. त्यात भाच्याचा शोधनिबंध होता, माझ्याच दगडांवर. माझं नाव कुठंच नव्हतं. आकडे बघताच कळलं, बाण त्यांनी आत रोखलेले धरलेत. सगळ्या दिशा चुकल्या होत्या.

चूक सांगायला एक फोन पुरला असता. मी केला नाही. सुट्टीत मंठाळला जाऊन त्याच खडकातून नवे दांडे काढले, मोजले आणि परिषदेची वाट बघत बसले.

परिषदेत भाच्याचं बोलून झालं तशी मी उठले. "दांड्यावरचा बाण कुठल्या बाजूला रोखलेला आहे?"

"आत. नेहमीसारखा."

"बाहेर आहे. ते बाण मी काढलेत. खाणीत तुम्ही नव्हतात." आणि नवे आकडे मी पडद्यावर लावले.

पहिल्या रांगेतले सर चष्मा पुसत राहिले. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "आधी सांगायचं होतंस. पोराचं करिअर आहे."

"माझंबी होतं, सर."

भाच्याला सगळं नव्यानं मोजावं लागलं. तोवर पुण्याच्या चुंबकत्व मोजायच्या यंत्राच्या वेळा वाटायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्याचा अर्ज आला, तो मी यादीत सगळ्यांच्या खाली टाकला. मे महिन्यात त्याची पाळी आली. घामाघूम होऊन तो पेट्या घेऊन दारात उभा राहिला.

"बाण नीट बघून घ्या," मी म्हटलं आणि प्रयोगशाळेची किल्ली दिली.