रिकामी बंदूक

खंडेनवमीला सीमेवरच्या आमच्या पोस्टवर हत्यारांची पूजा होती. मी हवालदार, त्या दिवशीचा गार्ड कमांडर. वेळापूरचा नाईक बाळू सरगर पूजेची तयारी करत होता. पोस्टवर रोजचा नियम ठरलेला. ड्युटीवरून आलेल्याने नळी वाळूच्या पिंपाकडे धरायची. आधी गोळ्यांचं मॅगझीन काढायचं, मग खटका मागे ओढून कॉक करायचं, मग नळीमागचं चेंबर रिकामं आहे का बघायचं.

सकाळी गस्तीवरचं पेट्रोल परतलं. एका थकलेल्या जवानाने क्रम उलटा केला. आधी कॉक, मग मॅगझीन. मॅगझीनमधली एक गोळी चेंबरमध्ये चढून राहिली. रायफल घ्यायला बाळू पुढे झाला.

"खाली?" रिकामी ना, असं बाळूने विचारलं.

"खाली है, उस्ताद." जवानाने खात्रीसाठी ट्रिगर दाबला. नळी पिंपाकडे नव्हती.

मी रेडिओ उचलला. "एक कॅज्युअल्टी. नाईक."

"फायर किधर से?"

"कहीं से नहीं, सर. अपना ही."

हेलिकॉप्टर येण्याआधी बाळू गेला.

निवृत्तीनंतर मी कुणापुढे हात न पसरता सिक्युरिटी एजन्सी उभी केली. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आज माझे गार्ड आहेत. लायसन्स काढून बारा बोअरची दुनळी घेतली. सांगोल्याजवळच्या गावातून ये-जा करायचो. बंदूक घरी पेटीत, चावी माझ्या खिशात. गावात हवालदार आला म्हणून कुणी खुर्ची सोडत नाही. बंदूकवाला आला म्हटलं की दोन खुर्च्या येतात.

गेल्या खंडेनवमीला ती पूजेला काढली. झेंडू, कुंकू, नारळ. अंगणभर माणसं. थोरला भाऊ म्हणाला, "आबा, एक बार काढ की हवेत. लोकांस्नी कळू दे."

"गुन्हा आहे. लायसन्स जाईल."

"लष्करात व्हतास का भजनात?"

सगळे हसले. तेवढ्यात चुलतभावाने बंदूक उचलली आणि फोटोसाठी थोरल्या भावाच्याच छातीवर रोखली.

"खाली ठेव!"

"आरं, रिकामीच हाय की!"

मी त्याच्या कानाखाली वाजवली आणि बंदूक हिसकावली.

भाऊ म्हणाला, "पाव्हण्यांत इज्जत घालवलीस. येवढं भ्या वाटतंय तर जा घिऊन शहरात."

गेलो. सोलापुरात एका निवृत्त मास्तरांचा फ्लॅट बघितला. भाड्यावरून घासाघीस केली, पार्किंगवरून केली, गळक्या नळावरूनही केली. शेवटी माझ्या शब्दावर सौदा आणला. चहा आला. तेव्हा मी सांगितलं, सोबत लायसन्सची बंदूक असेल.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मग नाही जमायचं, साहेब."

"कुलपात असते. रिकामी असते."

"रिकामी असली तरी. खाली मुलं खेळतात. लोक म्हणतील, मास्तरांनी गुंड ठेवलाय."

"पंधरा ऑगस्टला झेंड्याला बरा माजी सैनिक लागतो तुम्हाला!"

"सैनिक हवाच आहे हो. बंदूक नको."

मी उठलो. तोंडाला येईल ते बोललो, जिना उतरतानाही बोलत होतो. गावाला बार हवा, शहराला बंदूक नजरेसमोरही नको. एकाला ती मिशी वाटते, दुसऱ्याला विंचू. ती सांभाळावी कशी, हे मला दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. आणि खरा संताप वेगळाच होता. "रिकामी असली तरी" हे शब्द माझ्या अंगणात कुणीतरी म्हणायला हवे होते. ते म्हणाला तो मास्तर, ज्याने कधी बंदुकीला हात लावलेला नाही, आणि त्यानेच मला घर नाकारलं.

दुसऱ्या दिवशी बंदूक शस्त्रांच्या दुकानात जमा करायला नेली. तिथे मी भाव केला नाही. दुकानदार ती तशीच कपाटाकडे घेऊन निघाला.

"उघडून बघा," मी म्हणालो.

"फौजीसाब, तुम्ही रिकामी म्हणालात, मग काय बघायचं?"

"तरी बघा."

त्याने तोंड वाकडं केलं, पण बंदूक सांध्यात वाकवून उघडली. दोन्ही नळ्यांतून रस्त्यावरचा उजेड दिसला. मग मी सही केली.

बाळूनेही फौजीच्या शब्दावरच हात पुढे केला होता. वेळापूरचा नाईक बाळू सरगर. त्याच्या दुसऱ्या हातात त्या रायफलीला घालायची झेंडूची माळ होती.